दारातला थर्मामीटर

सिस्टरने पुन्हा शिकायचं ठरवलं तेव्हा तिला एकोणपन्नासावं लागलं होतं. ही बातमी तिने घरात सांगितली ती कांदा चिरता चिरता, जणू उद्या दूध अर्धा लिटर जास्त घ्यायचंय एवढंच सांगत असावी.

"मी एम.पी.एच.ला नाव घातलंय. सार्वजनिक आरोग्य. अडीच वर्षांचा अभ्यास, सगळा घरूनच, लॅपटॉपवर."

"घातलंय, की घालू का म्हणून विचारतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"घातलंय. परवाच."

नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. आवाज चढवणं, धावपळ करणं, कुणावर डाफरणं यातलं काहीच त्याला जमत नसे, म्हणून सगळी वस्ती त्याला थंडोबा म्हणायची. धंद्यावरून म्हणतात की स्वभावावरून, हे त्याने कधी विचारलं नाही. बायकोला मात्र सगळे सिस्टर म्हणत. वस्तीतल्या आरोग्य केंद्रात ती सव्वीस वर्षं लसीकरण सांभाळत होती. तिच्या हातची सुई टोचून घेतलेली पोरं आता आपली पोरं घेऊन तिच्याकडे येत. तोही घरात तिला गमतीने सिस्टरच म्हणायचा.

त्याच्या आईला सुनेचं हे खूळ काही कळेना. "या वयात परीक्षा? आणि नापास झालीस तर नोकरीवरून काढतील का गं?"

"नाही काढणार, आई."

"मग पास झालीस तर पगार वाढेल?"

"तोही नाही वाढणार."

"मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

सिस्टरने कांदा कढईत लोटला. "सव्वीस वर्षं मी आजारी माणसांना औषध देतेय. त्याच गल्ल्या, तीच घरं, तेच आजार. ती आजारी का पडतात, हे मला कुणी शिकवलंच नाही. ते शिकायचंय."

म्हातारी चष्मा पुसत बसली. थंडोबाला मात्र ते वाक्य आवडलं. दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय ठोकून पक्का केला.

पहाटे पाच ते सात हा तिचा अभ्यास. शनिवारी दुपारी तास असायचा. पडद्यावर चाळीस चौकटी, चाळीस चेहरे. कुणी डॉक्टर, कुणी औषधाच्या दुकानातला, कुणी पाणीपुरवठा खात्यातली. बहुतेक जण तिच्या मुलीच्या वयाचे. तास सुरू व्हायच्या आधी म्हातारी केस विंचरून, चष्मा पुसून सुनेशेजारी खुर्ची टाकून बसायची. शिकवणाऱ्या बाईंना आपण दिसतो आणि आपण पेंगलो तर सुनेचे मार्क कापतील, अशी तिची पक्की समजूत होती. एकदा हजेरी घेताना सिस्टर दारावर कोण आलंय ते बघायला उठली होती. नाव पुकारल्यावर म्हातारीने पडद्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं, "हजर आहे हो! जरा दारात गेलीय." चाळीसच्या चाळीस चौकटी हसल्या. बाईंनी हजेरी लावली.

हसण्यावारी गेलं ते तिथंवर. पुढे संख्याशास्त्र आलं आणि सिस्टरच्या नाकी नऊ आले. पहिल्या चाचणीत तिला शंभरातले एकतीस मिळाले. त्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला, सिंकमधली धुतलेली भांडी पुन्हा धुतली, आणि थंडोबाकडे पाठ करूनच म्हणाली, "सरासरी समजते. पण सगळे आकडे सरासरीपासून किती लांब पडलेत ते कशाला मोजायचं, तेच डोक्यात शिरत नाही. आकडे येतात, सूत्रात घालते, उत्तर येतं. पण त्याचा अर्थ काय?"

थंडोबा सातवी पास. पण फ्रीजबद्दल विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता. त्याने जरा विचार केला.

"हे बघ. एका बाईचा फ्रीज होता. सकाळी मोजला तर अकरा डिग्री, दुपारी मोजला तर शून्याखाली एक. सरासरी काढ."

"पाच."

"पाच म्हणजे उत्तम फ्रीज. कागदावर त्या बाईची तक्रारच नाही. पण सकाळी दूध नासतंय आणि दुपारी भाजी गोठतेय. दुसऱ्या बाईचा फ्रीज, सकाळी साडेचार, दुपारी साडेपाच. त्याचीही सरासरी पाच. आता दोन्ही फ्रीज सारखेच का?"

सिस्टर वळली. हातातून साबणाचं पाणी गळत होतं. "थांबा," ती म्हणाली, आणि ओल्या हातानेच वही ओढली. पुढच्या चाचणीत तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिला फोनवर सांगताना थंडोबाचा आवाज चक्क चढला होता.

पहिलं वर्ष संपलं, दुसरंही निम्मं सरलं, आणि प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली. त्या हिवाळ्यात वस्तीत डांग्या खोकला आला होता. लहान लेकरं खोकता खोकता निळी पडत, श्वास ओढताना त्यांच्या घशातून कोंबड्यासारखा आवाज येई. तेवीस पोरं आजारी पडली. सुदैवाने सगळी वाचली, पण दोघं-तिघं अगदी मरणाच्या दारात जाऊन परत आली. सिस्टरने तोच विषय घेतला. तिचा अंदाज सरळ होता. ज्यांनी लस टाळली त्यांची पोरं आजारी पडली असणार. ते आकड्यांनिशी दाखवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी आया आपणहून रांगा लावतील.

तिच्या मार्गदर्शक बाई दूरच्या विद्यापीठात होत्या आणि पडद्यावर कायम खोकल्याची गोळी चघळत बोलायच्या. त्या म्हणाल्या, "अंदाज चांगला आहे. पण आधी पोरांची लसीची कार्डं गोळा करा. अंदाज काय, फुकट मिळतो."

सिस्टरने कार्डं गोळा केली. सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊन, केंद्रातली जुनी रजिस्टरं उपसून, नावासमोर नाव ताडून पाहिलं. एका रविवारी सकाळी तिने टेबलावर मोठा कागद अंथरला आणि रंगीत पेन्सिलीने उभ्या पट्ट्या काढल्या, एकेका महिन्याला एक पट्टी. थंडोबा चहा घेऊन आला तेव्हा ती त्या कागदाकडे आ वासून बघत होती.

"काय झालं?"

"तेवीसपैकी सात जणांनी लस घेतली नव्हती. ते समजण्यासारखं आहे. पण उरलेल्या सोळा जणांचे तिन्ही डोस झालेत, माझ्याच केंद्रात, माझ्याच हातचे." तिने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. "आणि त्या सोळांतल्या चौदा जणांचे डोस या पाच महिन्यांतले आहेत. मागच्या उन्हाळ्यापासून पुढचे पाच. बाकीच्या महिन्यांत सहाशेच्या वर पोरांना लस दिली, त्यातली आजारी पडली फक्त दोन. या पाच महिन्यांत काय वेगळं झालं होतं, तेच कळत नाही."

थंडोबाने कप टेबलावर ठेवला. कप नीट टेकला नाही, चहा बशीत सांडला.

त्याला कळलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात केंद्रातला लसींचा फ्रीज बिघडला होता. सरकारी मेकॅनिक यायला आठवडा लागणार होता, म्हणून डॉक्टरांनी थंडोबाला बोलावलं. थर्मोस्टॅट गेला होता. त्या कंपनीचा मिळेना, तेव्हा त्याने दुसऱ्या मॉडेलचा, मापात बसणारा थर्मोस्टॅट बसवला. आणि निघताना बटण आणखी एक घर पुढे फिरवलं. लस आहे, जरा जास्त गार राहिलेली बरी, असा त्याचा हिशेब. पाच महिन्यांनी वरून नवीन फ्रीज आला आणि जुना बाजूच्या खोलीत गेला, कर्मचाऱ्यांच्या चहाचं दूध ठेवायला. मधल्या काळात रोजची नोंद ठीक येत होती, म्हणून सिस्टरला फ्रीजचा संशय येण्याचं कारणच नव्हतं.

हे त्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण तो म्हणाला, "जरा जाऊन येतो," आणि चपला घालून बाहेर पडला. वाटेत दोघांनी हाक मारली, त्याला वाटलं त्यांना ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोमवारी सकाळी तो केंद्रात गेला. शिपाई ओळखीचा होता. थंडोबाने उगाचच विचारलं, "काय, आमचा जुना फ्रीज चालतोय का?"

"चालतोय म्हणजे? धावतोय!" शिपाई हसला. "दूध मागे ठेवलं की त्याचा दगड होतो. सुरीने फोडून चहा करावा लागतो. दारात ठेवलं की झकास. सवय झालीय आम्हाला."

थंडोबाने फ्रीज उघडला. मागच्या पत्र्याला लागून ठेवलेल्या दुधाच्या पिशवीवर त्याने बोट दाबलं. बोट आत गेलं नाही.

तिथून तो कामावर गेला. दोन ठिकाणी काम होतं, एका ठिकाणी चुकीचा स्क्रू काढला. संध्याकाळी सिस्टर घरी आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली, पुन्हा तोच कागद उलगडला. तिने तर्क लिहून काढले होते आणि एकेक खोडत होती. सुया, खोडल्या. लसीची बॅच, खोडली, कारण पाच महिन्यांत बॅचेस तीनदा बदलल्या होत्या. शेवटी एकच ओळ राहिली होती, 'साठवण', आणि तिच्यापुढे तिने लिहिलं होतं, 'तापमानाची नोंद रोज दोनदा, सगळी ४ ते ६. ठीक.' तिने पेन्सिल उचलली, ती ओळही खोडायला.

"ती खोडू नकोस," थंडोबा म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्या मॉडेलचा थर्मोस्टॅट, एक घर पुढे फिरवलेलं बटण, दुधाचा दगड. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "आणि तुला मोठ्या तोंडाने शिकवलं होतं मी," तो शेवटी म्हणाला, "की एका आकड्यावर फ्रीज बरा ठरवू नये. स्वतः मात्र दारातला थर्मामीटर बघितला आणि निघून आलो. मला कालच कळलं होतं, सिस्टर. काल बोललो नाही."

आता ही ओरडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे रडेल, असं त्याला वाटलं.  तिने फक्त पेन्सिल नीट धरली.

"बटण कितीवर होतं आधी?"

"तीनवर."

"आणि तुम्ही केलंत चार." तिने लिहून घेतलं. "या लसीला उष्णतेपेक्षा गोठण्याचं भय जास्त. एकदा गोठली की नंतर पुन्हा पातळ होते, दिसायला तीच, पण जोर गेलेला असतो. हे मला माहीत होतं. नर्सिंगला शिकवलेलं आहे." ती थांबली. "थर्मामीटर दारात मी लटकवला होता. उघडताना पटकन दिसावा म्हणून. आणि बाटल्यांचे ट्रे मागे पत्र्याला चिकटवून मीच लावायचे, जागा जास्त मिळते म्हणून. रोज दोनदा खरा आकडा लिहिला मी. तेवढाच खरा."

"चूक माझी आहे."

"अहो, वाटणी नंतर करू," ती म्हणाली. "आधी हे खरं आहे का ते बघू."

थंडोबाने तिला सुई टोचताना पाहिलं होतं, ताप उतरवताना पाहिलं होतं. पण स्वतःच्या चुकीवर मुठीने कपाळ बडवून न घेता तिचं मोजमाप घ्यायला बसलेलं माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

खरं आहे का ते कळायला तीन दिवस लागले. मुदत संपल्यामुळे टाकून द्यायच्या काही बाटल्या केंद्रात होत्या. त्यातली एक सिस्टरने जुन्या फ्रीजमध्ये मागे ठेवली, सोबत तासातासाला आपोआप नोंद करणारं यंत्र. एक बाटली नव्या फ्रीजमध्ये ठेवली. एक मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात गोठवली. तिसऱ्या दिवशी तिन्ही बाहेर काढून पूर्ण वितळू दिल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर, डॉक्टरांच्या देखत जोरात हलवून उभ्या ठेवल्या. थंडोबाला तिने मुद्दाम बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता.

नव्या फ्रीजमधल्या बाटलीतलं पाणी ढगाळच राहिलं, एकसारखं, ताकासारखं. मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत पांढरे कण चटचट खाली बसू लागले आणि वर स्वच्छ पाणी दिसू लागलं. जुन्या फ्रीजमधल्या बाटलीत काय होतंय ते सगळे टक लावून बघत होते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. तिच्याही तळाशी पांढरा थर बसला होता, तितकाच जाड. यंत्राच्या नोंदीत पहाटेचं तापमान शून्याखाली तीन होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. भला माणूस होता, सहा महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता. "सिस्टर, हे तुम्ही कुणासाठी लिहिताय? परीक्षेसाठी ना? मग विषय बदला. खोकल्याची साथ ओसरलीय, पोरं बरी झालीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या पाच महिन्यांत दोनशे बारा पोरांना लस दिलीय, डॉक्टर. चौदा आजारी पडली. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णवांच्या आयांना वाटतंय, आपलं लेकरू सुरक्षित आहे."

"तुमच्यावर चौकशी बसेल. माझ्यावरही."

"बसू दे. मी पहिल्या पानावर माझंच नाव घालणार आहे."

"आणि माझं," दारातून थंडोबा म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, मग त्या तीन बाटल्यांकडे. शेवटी चष्मा लावला. "अर्ज लिहून आणा. सही करतो. आणि वरून नवीन लसी मागवा, दोनशे बारा जणांच्या."

चौकशी बसली. दोन अधिकारी आले, सिस्टरला चार तास प्रश्न विचारले, तिने चार तास उत्तरं दिली. शेवटी तिला लेखी ताकीद मिळाली आणि तिच्या सेवापुस्तकात लाल शेरा पडला. अठ्ठावीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकातला पहिला. तो वाचून ती घरी आली, अंथरुणावर आडवी पडली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हातारी तिच्या पायाशी जाऊन बसली. "माझ्या लग्नात मीठ जास्त झालं होतं म्हणून मला बोल लागला होता," ती म्हणाली. "साठ वर्षं झाली, अजून जेवतातच ना सगळे." त्याचा इथे काय संबंध, ते कुणालाच कळलं नाही, पण सिस्टर उठून बसली.

त्याच आठवड्यात घरोघरी जायला सुरुवात झाली. थंडोबाने दुकानाला कुलूप घातलं. स्कूटर तो चालवायचा, मागे सिस्टर, दोघांच्या मधे लसींची थंड पेटी. प्रत्येक दारात ती एकच सांगायची, कधी कमी नाही, कधी जास्त नाही: "मागे तुमच्या बाळाला दिलेली लस आमच्या फ्रीजमध्ये खराब झाली होती. चूक आमची. लस पुन्हा द्यावी लागेल." कुणी पाणी विचारलं. कुणी म्हणालं, सांगायला आलात हेच पुष्कळ. कुणी भांडलं. एका आजोबांनी तर उलट थंडोबालाच विचारलं, आमचा फ्रीज पण तूच दुरुस्त केलास ना रे? तो खजील होऊन तिथल्या तिथे त्यांचा फ्रीज तपासायला बसला.

एक दार मात्र तो विसरू शकला नाही. तिथल्या पोरीला दोन महिने डांग्या खोकला झाला होता, एकदा तर ती आईच्या मांडीवर पार निळी पडली होती. आई शिवणकाम करायची, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिसऱ्या डोसाला तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतात, आता निर्धास्त राहा."

"हो," सिस्टर म्हणाली. "म्हणाले होते."

"मी निर्धास्त राहिले. ती पहिल्या दिवशी खोकली तेव्हा घरगुती काढा देत बसले. लस झालीय म्हटलं, साधाच असेल. आठ दिवस घालवले मी."

थंडोबाला वाटलं, आता सिस्टर काहीतरी सांगेल. फ्रीजबद्दल, थर्मोस्टॅटबद्दल, नवऱ्याबद्दल. तिने काहीच सांगितलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि त्या बाईला जे जे बोलायचं होतं ते सगळं तिने मान खाली न घालता ऐकलं. शेवटी दार बंद झालं.  स्कूटरपर्यंत येताना थंडोबाने तिचा दंड धरला.

"तू सांगायचंस ना, माझ्यामुळे झालं म्हणून."

"त्याने तिचे आठ दिवस परत आले असते का?"

त्या बाईने पोरीला पुढे दुसऱ्या केंद्रात नेऊन लस दिली. तसा कागद आला, सिस्टरने यादीत त्या नावापुढे खूण केली. ती बाई नंतर रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जाते. सिस्टर तिला हाक मारत नाही.

दोनशे बारांपैकी नऊ कुटुंबं गाव सोडून गेली होती. त्यातली सात तिने फोनवरून शोधली. दोन सापडली नाहीत, त्यांची नावं अजून तिच्या वहीत आहेत.

प्रबंध वेळेवर गेला. तोंडी परीक्षा एका शुक्रवारी सकाळी होती, पडद्यावर तीन परीक्षक आणि मार्गदर्शक बाई. थंडोबा आणि त्याची आई कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने भिंतीला टेकून बसले होते. म्हातारीने या खेपेलाही केस विंचरले होते. बराच वेळ आकड्यांचं बोलणं चाललं. इतक्या कमी रोग्यांवरून निष्कर्ष कसा काढलात, दुसरं कारण असू शकलं असतं का, असं काय काय. सिस्टरने एकेक उत्तर दिलं. जिथे माहीत नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणाली. एकतीस मार्क मिळवणारी बाई ती हीच, हे थंडोबाला खरं वाटेना.

मग मधले परीक्षक, पांढऱ्या दाढीचे, कागद बाजूला ठेवून म्हणाले, "एक प्रश्न अभ्यासाबाहेरचा. हे दडपून टाकावं असं तुमच्या मनात कधी आलं?"

"हो, आलं," सिस्टर म्हणाली. "दीड दिवस."

"आणि मग?"

"मग दोनशे बारा नावं परत वाचली. मोठ्याने."

थंडोबाने चमकून पाहिलं. त्याला आठवलं, त्या आठवड्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालताना काहीतरी पुटपुटत होती. त्याला वाटलं होतं, पाठांतर चाललंय. तिच्या मनातही चांदणं पडलं होतं तर. आपण एक दिवस गप्प बसलो, ती दीड दिवस बसली. इतके दिवस तिला आपल्याहून वेगळ्या मातीची समजून तो मनातून जरा दबून होता. आता ती त्याला त्याच मातीची वाटली, आणि तिच्याबद्दलचा आदर कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

परीक्षक एकमेकांशी बोलायला पडद्याआड गेले, परत आले आणि पांढरी दाढी हसली. म्हातारीला काय झालं ते कळलं नाही, पण सून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतेय हे बघून ती उठली आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन परीक्षकांना म्हणाली, "काय बोललात हो तिला?"

"आजी, पास झाल्या त्या," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्गात."

पदवी मिळाल्यावर दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. भागातल्या एकतीस आरोग्य केंद्रांमधले लसींचे फ्रीज तपासायचे होते, आणि काम सिस्टरकडे होतं. तिने उलट पत्र पाठवलं: फ्रीज नर्सला कळत नाही, मेकॅनिकला लसी कळत नाहीत, तेव्हा आधी सगळ्या केंद्रांच्या नर्सना एकत्र बसवा आणि एका मेकॅनिकला बोलू द्या.

"कुठल्या मेकॅनिकला?" थंडोबाने पत्र वाचून विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. "अगं, मी सातवी पास. तिथे सगळ्या शिकलेल्या. मी काय बोलणार?"

"जे झालं ते बोला."

सभागृहात सिस्टर धरून बत्तीस नर्सेस होत्या. पुढे टेबलावर त्याने आपल्याच दुकानातला एक फ्रीज आणून ठेवला होता, मागचं झाकण काढलेला. लिहून आणलेला कागद त्याने खिशातून काढला, एकदा पाहिला आणि परत ठेवून दिला. 

"मी फ्रीज दुरुस्त करतो," तो म्हणाला. "बावीस वर्षं करतोय. मी एक फ्रीज दुरुस्त केला आणि त्यामुळे चौदा पोरं आजारी पडली. तो कसा दुरुस्त केला, ते आधी सांगतो."

 मागच्या रांगेतून वही उघडल्याचा आवाज आला, मग शेजारून, मग सगळीकडून. पहिल्या दहा मिनिटांनंतर एका तरुण नर्सने हात वर केला, मग दुसरीने. कुणी विचारलं, वीज गेली तर? कुणी विचारलं, बर्फ साचला तर सुरीने काढायचा का? तो टेबलाच्या पुढे आला, बाह्या वर सारल्या आणि फ्रीजच्या मागे वाकून एकेक नळी दाखवत राहिला. जेवणाची सुट्टी व्हायची होती ती झालीच नाही. सिस्टर शेवटच्या रांगेत बसून त्याचं बोलणं भराभर लिहून घेत होती.

पुढच्या पाच आठवड्यांत दोघांनी एकतीस केंद्रं पालथी घातली. नऊ फ्रीज आतून गोठत होते. नऊच्या नऊ ठिकाणी रजिस्टरमध्ये रोज दोनदा लिहिलं होतं, पाच डिग्री, ठीक.